केनेकॉट: हिमनदीच्या काठावरची तांब्याची गिरणी

अलास्कातील चिटिना या लहानशा गावापासून मॅकार्थीकडे जाणारा सुमारे 96 किलोमीटरचा खडीचा रस्ता मुळात रस्ता म्हणून बांधलेलाच नव्हता. कॉर्डोव्हा बंदरापासून केनेकॉटच्या खाणींपर्यंत 315 किलोमीटरचा लोहमार्ग 1911 मध्ये पूर्ण झाला, 1938 च्या नोव्हेंबरमध्ये शेवटची गाडी निघून गेली, आणि पुढे त्याच भरावावरून हा रस्ता काढण्यात आला. रुळांचे जुने खिळे अजूनही खडीतून वर येतात, त्यामुळे एकाऐवजी दोन स्टेपन्या घेऊन निघणे शहाणपणाचे. केनिकॉट नदीपाशी गाडी ठेवून आम्ही पादचारी पुलावरून पलीकडे गेलो आणि तेथून प्रवासी व्हॅनने आठेक किलोमीटर चढून खाणवसाहतीत पोहोचलो.

वसाहतीसमोर मातीदगडांचे करडे ढिगारे लांबवर पसरलेले दिसतात. खाणीतून निघालेला टाकाऊ माल तो हाच, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. प्रत्यक्षात ती केनिकॉट हिमनदी असून तिच्या बर्फावर दगडगोट्यांचा थर साचलेला आहे. खाण चालू असताना हा बर्फ इतका उंच होता की वसाहतीतून दरीची पलीकडची बाजू दिसत नसे.

डोंगरउतारावर उभी असलेली लाल रंगाची चौदा मजली लाकडी गिरणी हे येथले मुख्य आकर्षण. मार्गदर्शकाबरोबर हेल्मेट घालून आत जाता येते, आणि प्रवेश सर्वांत वरच्या मजल्यावरून होतो, कारण धातुकाचा, म्हणजे तांबेयुक्त दगडाचा, प्रवासही तेथूनच सुरू होत असे. डोंगरमाथ्यावरील खाणींतून तारेवरच्या पाळण्यांनी आलेले दगड वर ओतले जात. तेथे ते फोडून, चाळून, पाण्याच्या मदतीने वेगळे करत करत खाली आणले जात. एका मजल्यावर ओळीने मांडलेली हलती टेबले आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर बारीक पट्ट्या ठोकलेल्या आहेत. टेबल हिसके देत हलले की जड तांबेयुक्त कण त्या पट्ट्यांच्या आधाराने एका बाजूला सरकत आणि हलका चुनखडक पाण्याबरोबर वाहून जाई. शेजारच्या लाकडी घसरगुंड्या दगडांच्या घर्षणाने झिजलेल्या आहेत. जिने इतके उभे आहेत की उतरताना कठडा सोडवत नाही.

तरीही चुनखडकात अडकलेली हिरवी-निळी कार्बोनेट खनिजे या पद्धतीने पुरेशी हाती लागत नसत. आम्ल वापरावे तर चुनखडकच ते पिऊन टाकणार. म्हणून येथे 1916 च्या सुमारास अमोनियाच्या द्रावणात तांबे विरघळवण्याचा कारखाना उभा राहिला, आणि त्या काळी व्यापारी प्रमाणावर असा प्रयोग नवा होता. माझ्या मते या स्थळाचे वारसामूल्य प्रामुख्याने येथे आहे: एका उद्योगाच्या साऱ्या पायऱ्या, सुचलेल्या दुरुस्त्यांसह, एकाच उतारावर आजही क्रमाने चालत पाहता येतात. बंद पडलेल्या बहुतेक खाणींत यंत्रे भंगारात जातात आणि उरतो तो खड्डा. येथून लोखंड बाहेर नेणे हाच मोठा खर्चाचा मामला असल्यामुळे बरेच काही जागेवर राहिले. 1960 च्या दशकात वसाहत पाडून माल विकण्याचे काम एका कंत्राटदाराला देण्यात आले होते. सुदैवाने ते पुरे झाले नाही.

येथून निघालेले तांबे सुमारे 5 लाख 35 हजार टन भरते. गुगेनहाइम कुटुंब आणि जे. पी. मॉर्गन यांनी त्यासाठी पैसा घातला, आणि याच नफ्याच्या बळावर 1915 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने पुढे युटा व चिलीतील खाणींतही पाय रोवले. 1900 मध्ये दोन शोधकांनी बोनान्झा हा तांब्याचा साठा ‘शोधला’ अशी नोंद आहे, परंतु येथले मूलनिवासी आत्ना लोक त्याआधी कितीतरी काळ या खोऱ्यातील तांब्यापासून सुऱ्या आणि बाणांची टोके घडवत होते, आणि जवळच्याच एका साठ्याची जागा 1899 मध्ये आत्ना प्रमुख निकोलाई यांनी अन्नधान्याच्या बदल्यात गोऱ्यांना दाखवली होती. हे लक्षात घेतले की ‘शोध’ हा शब्द जरा जपूनच वापरावासा वाटतो.

1986 मध्ये या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि 1998 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने वसाहतीचा मोठा भाग विकत घेतला. सगळे पुन्हा नवे करायचे नाही, पडझड थांबवून आहे ते टिकवायचे, असे येथील सर्वसाधारण धोरण दिसते. काही इमारती पाया बदलून आणि रंग देऊन सावरल्या आहेत, काही तशाच वाकलेल्या ठेवल्या आहेत. मला हे धोरण पटले, कारण सगळेच चकचकीत केले असते तर येथले जगणे सुखाचे होते असा उगाच समज झाला असता. कंपनीच्या वसाहतीत दारूला बंदी होती, त्यामुळे मॅकार्थीत गुत्ते भरभराटीला आले. खाणकामगार मात्र खाली गिरणीजवळ राहत नसत. त्यांच्या बराकी डोंगरावर खाणींच्या तोंडाशीच होत्या आणि आठवड्याचे सातही दिवस काम चाले.

वसाहतीतून वर बोनान्झा खाणीकडे जाणारी पायवाट हजार मीटरहून अधिक चढाची आहे. वर कोसळलेल्या बराकीची लाकडे विखुरलेली आहेत आणि पायाखालच्या चुनखडकात हिरवे-निळे तुकडे दिसतात. ते उचलून नेण्यास मनाई आहे. केवळ गिरणी पाहून परतणाऱ्यांनी हा चढ टाळू नये. पाणी भरपूर घ्यावे आणि अस्वलांचा वावर असल्यामुळे एकट्याने जाऊ नये.