तुलनेच्या शब्दांच्या चिठ्ठ्या: ‘नियर’पासून ‘फोरमोस्ट’पर्यंत

इंग्रजीतील तुलनावाचक शब्दांच्या चिठ्ठ्यांच्या खोक्यात या महिन्यात १९ चिठ्ठ्यांची भर पडली आणि जुन्या चार फाडाव्या लागल्या. फाडलेल्यांपैकी एक माझ्याच सवयीची होती. ‘तो माझ्यापेक्षा वरिष्ठ आहे’ हे मी वर्षानुवर्षे ‘सीनियर दॅन मी’ असे लिहीत आलो, कारण ‘पेक्षा म्हणजे दॅन’ हे समीकरण शाळेपासून डोक्यात पक्के बसले होते. वास्तविक सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही लॅटिनमधली तरभावाची, म्हणजे ‘अधिक’ हा अर्थ देणारी, रूपे आहेत. इंग्रजीने ती तयार उचलली आणि त्यांच्यापुढे ‘दॅन’ न लावता ‘टू’ लावले. ‘प्रिफर’ हे क्रियापद असूनही त्याच पंक्तीला बसते. गंमत अशी की, खुद्द लॅटिनमध्ये तुलना करताना पंचमीसारखी विभक्ती चालते, म्हणजे ‘हत्तीहून मोठा’ यातल्या आपल्या ‘हून’चीच तऱ्हा.

महिन्याचा बराचसा वेळ मात्र ‘नियर’ने खाल्ला. त्याच्या चिठ्ठीवर तीनच ओळी आहेत: ‘नाय’ म्हणजे जवळ, ‘नियर’ म्हणजे अधिक जवळ, ‘नेक्स्ट’ म्हणजे सर्वांत जवळ. (हा ‘नाय’ इंग्रजीतला, आता जवळपास अडगळीत गेलेला; कोकणातल्या वाचकांनी नकार समजू नये.) ‘नियर’मधला तरभाव लोकांच्या कानाला जाणवेनासा झाला, ते साधे ‘जवळ’ होऊन बसले आणि मग त्यालाच पुन्हा प्रत्यय जोडून ‘नियरर’ तयार झाले. ‘लेस’चे ‘लेसर’ झाले तेही असेच. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो, तेव्हा तमभाव, म्हणजे ‘सर्वांत’ हा अर्थ, दोनदा येतो. आजचा परीक्षक त्याखाली लाल रेघ ओढील, त्या काळी मात्र असे दुहेरी रूप जोर देण्यासाठी सर्रास वापरले जाई.

सर्वांत लबाड निघाला ‘फोरमोस्ट’. दिसायला तो ‘फोर’ (म्हणजे पुढचा) आणि ‘मोस्ट’ यांचा समास वाटतो. प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीतला ‘फोर्मा’ म्हणजे ‘पहिला’ हा शब्द मुळातच तमभावाचा होता, त्याला आणखी ‘एस्ट’ चिकटला, आणि पुढे लोकांना त्या शेपटात ‘मोस्ट’ ऐकू येऊ लागल्याने त्याचे रूपच पालटले. त्याच ‘फोर्मा’ला तरभावाचा प्रत्यय लागून ‘फॉर्मर’ झाला. पहिल्याहून अधिक पहिला!

इथे आपल्याला हसायला जागा नाही. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला ‘इष्ठ’ हा संस्कृतचा तमभावाचा प्रत्यय आणि इंग्रजीचा ‘एस्ट’ हे एकाच मुळातून आलेले भाऊबंद आहेत. श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगला. तरीही आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, ‘सर्वांत ज्येष्ठ’ असे लिहितो. ‘श्रेष्ठतम’ ही वर्तमानपत्री चूक म्हणून मी बाजूला ठेवणार होतो, तेवढ्यात यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रातले ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आठवले आणि लेखणी आवरली.

‘कम्पेअर टू’ आणि ‘कम्पेअर विथ’ यांचे काम लवकर उरकले: पहिल्यात उपमा देण्याकडे कल, दुसऱ्यात साम्य आणि भेद दोन्ही तपासण्याकडे. व्यवहारात हा भेद कसोशीने पाळणारे थोडेच.

‘फ्युअर’ आणि ‘लेस’ यांची चिठ्ठी अर्धवट आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्युअर’च वापरावा, हा नियम पोटात घेऊन आपण इंग्रजी शिकलो, पण जुन्या इंग्रजीपासून ‘लेस’ मोजत्या वस्तूंनाही लावला जात होता, आणि १७७० मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर याने ‘फ्युअर’ची शिफारस केली ती केवळ स्वतःची आवड म्हणून. आवडीचा कायदा नंतर झाला. मराठीत ‘कमी पाणी’ आणि ‘कमी माणसे’ एकाच ‘कमी’त भागते, म्हणून या भेदासाठी मला कानावर विसंबता येत नाही, प्रत्येक वाक्यात नाम मोजण्याजोगे आहे की नाही हे पाहावे लागते, आणि पैसे, अंतर व वेळ यांच्यापाशी तीही कसोटी अडखळते, कारण ‘दहा मैल’ मोजता येत असूनही तिथे ‘लेस दॅन’च रूढ आहे. पुढचा महिना या अपवादांसाठी राखून ठेवला आहे.