पाणपक्षी नोंदवही: फोनवर लोकेशन आलं एकदाचं!

आलं! काल रात्री फोनमधल्या क्रोमने पहिल्यांदा लोकेशनची परवानगी मागितली आणि निळा ठिपका नकाशावर थेट नागपूरच्या धरमपेठेत येऊन बसला. ‘पाणपक्षी नोंदवही’ म्हणजे तलावांवरचे पक्षी फोनवरून नोंदवायचं, मी बनवत असलेलं वेब अ‍ॅप. मागच्या वेळी ‘लॅपटॉपवर सगळं चालतं, फोनवर ढिम्म’ इथे घोडं अडलं होतं. ते कसं सुटलं ते नीट लिहितो, कारण फोनवर वापरायचं वेब अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येकाला ही ठेच लागणारच आहे.

सेटअप तोच: अ‍ॅप बांधायला आणि चालवून बघायला व्हीट, पडद्यासाठी रिअ‍ॅक्ट, नकाशाला लीफलेट, मागे सर्व्हरला जँगो. व्हीटचा डेव्ह सर्व्हर मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून, ऐकतो. म्हणून बाहेरूनही ऐकावं यासाठी होस्ट फ्लॅग दिला, फायरवॉलमध्ये त्याचा ५१७३ पोर्ट मोकळा केला आणि फोनवर लॅपटॉपचा १९२.१६८ वाला पत्ता टाकला. अ‍ॅप उघडलं, अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव अशी तलावांची यादीही आली. पण ‘इथली नोंद करा’ दाबलं की काहीच नाही. परवानगीची खिडकीसुद्धा येत नव्हती, थेट नकार. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू, क्रोमला परवानगी दिलेली, तरीही.

कारण क्रोमच्या ५०व्या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०१६ मध्ये आहे. तेव्हापासून साध्या, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या, एचटीटीपीवरच्या पानाला लोकेशन मिळतच नाही. लोकलहोस्टला तेवढी सूट आहे, म्हणून लॅपटॉपवर सगळं सुरळीत. घरच्या वायफायवरचा पत्ता मात्र ब्राउझरच्या लेखी असुरक्षितच.

पहिला उपाय एमकेसर्ट, म्हणजे आपल्या मशीनपुरतं एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट बनवणारा प्रोग्रॅम. टूल झकास आहे, लॅपटॉपवर एका झटक्यात एचटीटीपीएस चालू होतं. पण फोनवर त्याचं रूट सर्टिफिकेट (ज्यावरून बाकीची खरी मानली जातात) हाताने टाकावं लागतं आणि मग ‘नेटवर्कवर नजर ठेवली जाऊ शकते’ असा इशारा अँड्रॉइड देत राहतं. माझ्या फोनपुरतं ठीक. पण उद्या पक्षीमित्रांना चाचणीसाठी फोन मागायचा आणि त्यात आपलं सर्टिफिकेट कोंबायचं, हे मला पटत नाही. लॅपटॉपला इंटरनेटवर तात्पुरता पत्ता देणाऱ्या फुकटातल्या टनेलचाही विचार केला, पण दर वेळी बदलणारा पत्ता आणि बाहेरून फेरी मारून येणारी प्रत्येक विनंती कोण सहन करणार?

तोडगा निघाला एडीबीत, म्हणजे लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनशी बोलणाऱ्या टूलमध्ये. फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल जोडायची आणि टर्मिनलवर ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:५१७३ टीसीपी:५१७३’ द्यायचं. मग फोनवरचा लोकलहोस्ट:५१७३ म्हणजेच लॅपटॉपचा ५१७३. ब्राउझरला दिसतो लोकलहोस्ट, म्हणून लोकेशन खुलं. सर्टिफिकेट नको, वायफायही नको!

यातही दोन गोष्टी आडव्या आल्या. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या केबलने फोन चार्ज व्हायचा, पण एडीबीच्या यादीत दिसायचाच नाही. त्या केबलमध्ये डेटाच्या तारा नाहीतच. स्वस्त केबल घेताना दुकानातच फोन जोडून फाइल उघडून बघा, हे कळकळीने सांगतो. दुसरी गोष्ट एपीआयची, म्हणजे अ‍ॅप जँगोकडे माहिती मागतं त्या पत्त्याची. सेटिंगच्या एन्व्ह फाइलमध्ये पत्ता लोकलहोस्ट:८००० होता, आणि फोनवर लोकलहोस्ट म्हणजे फोनच. आता क्लायंट फक्त ‘/एपीआय’ मागतो आणि व्हीटचा प्रॉक्सी ते जँगोकडे पोचवतो, त्यामुळे एकच पोर्ट उलटवला की काम होतं. प्रॉक्सीच्या टार्गेटमध्ये १२७.०.०.१ लिहा. व्हीट ज्यावर चालतं त्या नोडच्या १७व्या आवृत्तीपासून लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही६चा पत्ता असा लागू शकतो, आणि जँगोचा रनसर्व्हर आपणहून फक्त आयपीव्ही४वर ऐकतो.

आज सकाळी लॅपटॉप पाठीवर टाकून फुटाळ्याला गेलो. काठावर बसून केबल जोडली. पहिलं लोकेशन शेकडो मीटर इकडेतिकडे, मग हाय अ‍ॅक्युरसीमुळे त्या फरकाचा आकडा सरसर उतरत गेला. लॅपटॉपच्या डेव्हटूल्समध्ये फोनचा कन्सोल उघडा ठेवून तो आकडा उतरताना बघणं, काय सांगू, फार सुख! म्हणून आता एकदाच लोकेशन घेणं बंद, लोकेशन सतत घेत राहणारं वॉचपोझिशन लावून अचूकता पंचवीस मीटरच्या आत आली की मगच नोंद होईल.

तिथेच आणखी एक लक्षात आलं. वारकरी (कूट) पक्ष्यांचा थवा पाण्याच्या मध्यभागी आणि नोंद पडतेय माझ्या बुडाखालच्या दगडावर. पक्ष्याची जागा वेगळी हवी. लीफलेटचा मार्कर ओढता येतो, तेव्हा काठावरून तो पाण्यात सरकवायची सोय आधी करतो. फिल्टरचं पान, जे या आठवड्यात करणार होतो, ते मागे गेलं.

गोरेवाड्यासाठी ऑफलाइनही हवं आहे. नेट नसताना पानं पुरवणाऱ्या सर्व्हिस वर्करलाही सुरक्षित पत्ता लागतो, तो प्रश्न आता सुटलाच. बिल्ड करून व्हीट प्रिव्ह्यू चालवायचा आणि त्याचा ४१७३ पोर्ट तसाच उलटवायचा. नकाशाच्या टाइल्स, म्हणजे चौकोनी तुकडे, मात्र ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून घाऊक उतरवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे, आणि ते रास्तच आहे. नागपूरपुरती पीएमटाइल्सची (सगळ्या टाइल्स एकाच फाइलमध्ये) एक फाइल कापून घेतो. आयफोनला एडीबी चालत नाही, तिथे एमकेसर्टच लागेल. कुणी सफारीवर हे सर्टिफिकेटशिवाय जमवलं असेल तर जरूर कळवा.