उत्तर निळं होतं

मुख्याध्यापकांना संध्याकाळपर्यंत यादी हवी होती. पुढच्या वर्षी वर्गात कोणती डिजिटल साधनं ठेवायची आणि कोणती बंद करायची, याची. विज्ञानाची जबाबदारी माझ्यावर. मी आदल्या रात्रीच कागद तयार ठेवला होता आणि त्यात सगळ्यात वर होता प्रश्नमंजूषेचा एक खेळ. मुलं त्यावर जीव टाकतात. पडद्यावर प्रश्न, चार रंगांचे चार पर्याय, उलटं मोजणारं घड्याळ, धडधडणारं संगीत. बोट जितकं लवकर टेकेल तितके गुण जास्त.

पहिल्याच तासाला आठवी अ मध्ये तो खेळ घेतला. विषय विद्युत परिपथ. एका बॅटरीला दोन दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक जोडले, तर पहिल्या दिव्यातली धारा आणि दुसऱ्यातली धारा यांचं काय नातं? उत्तर साधं, दोन्ही सारख्याच; पण हा प्रश्न मुलांना दरवर्षी चकवतो. या वेळी ३८ पैकी ३१ उत्तरं बरोबर आली. मी हुरळले. पडद्याचा फोटोसुद्धा काढला, मुख्याध्यापकांना दाखवायला.

टेबलावर खरे सेल, तारा आणि दोन छोटे बल्ब मांडून ठेवले होते, पण खेळाच्या नादात त्यांच्यासाठी वेळच उरला नाही. तास संपल्यावर खेळात तिसरा आलेला मुलगा तिथे रेंगाळला आणि त्याने न विचारताच जोडणी केली. एक दिवा लख्ख, दुसरा मंद.

"बघा ना बाई, पहिल्यानेच जास्त वीज खाल्ली. दुसऱ्याला उरलीसुरली."

"अरे, पण आत्ताच तर तू बरोबर उत्तर दिलंस."

"हो. उत्तर निळं होतं."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पुढच्या बाकांवरून 'निळं, निळं' अशी कुजबुज आली, त्याने निळं दाबलं. ती कुजबुज मीही ऐकली होती आणि तिला उत्साह समजले होते. घड्याळ पळत असताना प्रश्न शेवटपर्यंत वाचणारा तोट्यातच जातो. तसं वाचणारी एक मुलगी माझ्या वर्गात आहे. ती नेहमी तळाच्या पाचांत असते आणि मी तिला इतके दिवस "जरा हात चालव" म्हणत होते.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. खरे बल्ब त्या मुलाच्याच बाजूने बोलत होते! प्रत्यक्ष प्रयोगाला तोड नाही, असं आम्ही शिक्षक छातीठोकपणे सांगतो. पण एकाच डब्यातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात. आतल्या तारेचा रोध थोडा जरी वेगळा असला, तरी एकसर जोडणीत एक दिवा उजळ आणि दुसरा फिका दिसतो. पहिला दिवा वीज संपवतो असं आधीच वाटत असलेल्या मुलाला आणखी कोणता पुरावा हवा? घंटा झाली होती. "मधल्या सुट्टीत ये," एवढंच म्हणाले.

दुसरा तास मोकळा होता. यादी काढून बसले. गृहपाठाचं एक ॲप मुलांचे ईमेल आणि पालकांचे फोन नंबर मागतं; ते एका रेघेत उडवलं, कारण त्या बदल्यात ते जे देतं ते फळाही देतो. ॲनिमेशनच्या चित्रफिती राहू दिल्या, पण पाच मिनिटांच्या आतल्याच. त्या बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वही उघडली की बोंब. प्रश्नमंजूषेवर मात्र पेन अडलं. मुलं खूश होती, मीही खूश होते, आकडे छान होते. फक्त वर्गात कोणाला काय समजलंय हे मला कळलं नव्हतं, आणि ते कळायला हवं होतं तास संपायच्या आत.

तिसऱ्या तासाला आठवी ब. तोच विषय. कपाटातून प्लिकर्सची कार्डं काढली. प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. कार्ड कोणत्या बाजूने वर धरलं त्यावर उत्तर ठरतं आणि मी एकटीने माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं नावानिशी गोळा होतात. मुलांच्या हातात टॅब नाही, घड्याळ नाही, रंग नाही. पर्यायाची अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याचं पाहून काही हाती लागत नाही.

४० पैकी १७ बरोबर.

सकाळच्या ३१पेक्षा हा आकडा मला कितीतरी आवडला. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१पासून अशा वेळी विद्यार्थ्यांना आपसात बोलायला लावतात. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली, की शेजाऱ्याला पटवून द्या, मग पुन्हा मत द्या. १७ म्हणजे जेमतेम ४२ टक्के. योग्य उत्तर न सांगता मी वर्ग सोडून दिला बोलायला. गोंगाट सकाळइतकाच होता, पण या वेळी कानावर येत होतं, "मग उरलेली वीज बॅटरीत परत कशी जाते, सांग!" दुसऱ्यांदा कॅमेरा फिरवला तेव्हा ३० बरोबर.

उरलेल्या दहा जणांसाठी फेटचं सिम्युलेशन उघडलं, म्हणजे पडद्यावरच परिपथ जोडून बघायची सोय. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२मध्ये हा प्रकल्प सुरू केला, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. पूर्वी मी हे थेट मुलांच्या हाती द्यायचे आणि पहिली दहा मिनिटं बॅटरी पेटवण्यात जायची. तारेने तिची दोन टोकं थेट जोडली की पडद्यावर ज्वाळा उठतात, आणि ही युक्ती मुलांना शिकवावी लागत नाही. आज आधी वहीत अंदाज लिहून घेतला, मग मीच जोडणी केली. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन दिवे, पहिल्या दिव्याच्या आधी धारा मोजणारा एक अमीटर, दोघांच्या मध्ये दुसरा, शेवटी तिसरा. तिन्हींवर ०.४५ अँपिअर. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "हात्तिच्या" म्हटलं.

इथले दिवे अगदी सारखे, म्हणून इथे ते पटतं. आणि म्हणूनच मला खऱ्या बल्बांची पुन्हा आठवण झाली.

मधल्या सुट्टीत तो मुलगा आला. मी काही सांगितलं नाही. "दोघांच्या जागा बदल," एवढंच म्हटलं. पहिल्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी पहिला. मंद दिवा आता पुढे आला होता, आणि मंदच होता. त्याने पुन्हा बदलून पाहिले. मग सेल उलटा लावला. मग बराच वेळ नुसता बघत राहिला.

"बाई, म्हणजे जागेचा काही संबंध नाही. हा दिवाच कामचुकार आहे."

"मग धारा?"

"ती दोघांतून सारखीच जात असणार," तो म्हणाला, आणि लगेच, "पण मोजून बघू द्या ना."

संध्याकाळी यादी दिली. प्रश्नमंजूषा सर्वांत खाली, 'फक्त शनिवारी, घड्याळ बंद करून'. मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.

"कार्डं आणि सिम्युलेशन? बस्स, एवढंच?"

"आणि डझनभर बल्ब," मी म्हटलं. "अगदी सारखे नसले तरी चालतील. नसलेलेच बरे."