हलत होतं, म्हणून बांधलं

टर्मिनलमधल्या टांगत्या शिल्पाची तपासणी म्हणजे वर चढायचं, धूळ पुसायची, उतरायचं, असं लोकांना वाटतं. खरं तर अर्धी रात्र जमिनीवरच जाते. फरशीखाली पोकळी असते, म्हणून बूम लिफ्ट (माणसाला उंचावर नेणारं यंत्र) कुठून न्यायची आणि कुठे प्लायवूड अंथरायचं, हे आधी नकाशावर ठरतं. पाना, पक्कड, सगळं दोरीने कमरेला. चढताना मोजायचं, उतरल्यावर पुन्हा मोजायचं.

आमचं शिल्प म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्यांचा थवा. प्रत्येक पातं 4 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस तारेवर. तार 1×19 जातीची, म्हणजे 19 काड्या एकत्र पिळलेल्या. दिसायला सुरेख आणि सरळसोट, ताण भरपूर घेते, पण वाकणं तिला अजिबात सोसत नाही. म्हणूनच वरच्या टोकाला दोन्ही दिशांना फिरणारा सांधा, म्हणजे टॉगल असतो. पातं डुललं की सांध्याने फिरायचं, तारेने नाही. ज्याने कुणी हे आखलं, त्याला माझा नमस्कार.

मी कापसाचा बोळा तारेवरून वरून खाली ओढत नेतो. बॅटरीला जे दिसत नाही ते कापसाला सापडतं. सातव्या पात्यावर टॉगलच्या वीतभर खाली कापूस अडकला. पांढरे धागे तिथेच लोंबत राहिले. भिंग लावलं, तर तीन काड्या तुटलेल्या. आणि बरोबर तिथेच एक बारीक तार गुंडाळून शेजारच्या ट्रसला, म्हणजे छताच्या सांगाड्याला, करकचून आवळलेली.

सगळं लक्षात आलं. समोरच एसीची जाळी. वारा पात्याला दिवसरात्र हलवतोय, टॉगलला फिरता येत नाहीये, आणि सगळं वाकणं त्या गाठीपाशी. ढिली सोडलेली दुसरी सुरक्षा-तार होती, म्हणून पातं लगेच कुणाच्या डोक्यावर आलं नसतं. पण एवढ्यावर कोण निवांत झोपेल?

खाली येऊन ड्युटी मॅनेजरना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रवासी तक्रार करायचे, हलतंय म्हणून. मेंटेनन्सवाल्यांनी बांधून घेतलं." सुरक्षेसाठीच केलं होतं, हेच जास्त चिडवणारं. हलण्यासाठी टांगलेली वस्तू हलली तर ती बिघडलीय, हे कुणी ठरवलं? अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं 'पिट्सबर्ग' हे 1958 सालचं मोबाइल (हवेवर डुलणारं टांगतं शिल्प) पिट्सबर्गच्याच विमानतळावर लागलं, तर त्याचा काळा-पांढरा रंग घालवून काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, हिरवा-सोनेरी रंग चढवले. सरकारी खात्याला शिल्प मिळालं की हात शिवशिवतात, हे तेव्हापासूनचंच.

कारखान्यातून टोकं दाबून आणलेली नवी तार होतीच, ती चढवली. (1×19 वर बुलडॉग क्लिप, म्हणजे नटांनी आवळायची पकड, लावणारे भेटले की मी बोलणंच बंद करतो.) आवळलेली तार कापली आणि पातं हळूच डुलायला लागलं. मॅनेजर मान वर करून म्हणाले, "आता असंच हलत राहणार?"

"हो साहेब. तसंच हलायला हवं."

पण एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. गेल्या वर्षी लिफ्ट मिळाली नाही म्हणून मी दुर्बिणीतून तपासणी केली होती. ती बारीक तार मला दिसली होती. मूळ रचनेतलीच असेल असं धरून चाललो, ड्रॉइंग काढून ताडून पाहिलं नाही. शेरा माझाच: 'समाधानकारक'.

नवा अहवाल लिहून झालाय. त्याला तो जुना जोडायचा की नाही, यावर फाईल चार दिवस टेबलावर पडून आहे.