'नाही' कळतं, तरीपण

मध्यंतरी एका कॉलेजात मुलांशी कन्सेंटवर, म्हणजे शारीरिक जवळिकीतल्या संमतीवर, बोलायला गेलो होतो. पंधरा-वीस जण, सगळे एकोणीस-वीस वर्षांचे. नेहमीचं 'नाही म्हणजे नाही' सुरू करायच्या आधी सहज विचारलं, जवळच्या मित्राने फिरायला चल म्हणून गळ घातली आणि तुम्हाला जायचं नाहीये, तर काय म्हणता? सरळ 'नाही' कुणीच म्हणत नव्हतं. "बघतो रे", "उद्या लवकर उठायचंय", एक जण तर नुसतं "हं..." करून थांबला. मग समोरच्याला कळतं का की तू येणार नाहीयेस? सगळे म्हणाले, कळतं की सर, त्यात न कळण्यासारखं काय आहे.

मग मी विचारलं, हेच एखादी मुलगी म्हणाली, "आज नको", "दमलेय मी", किंवा काहीच न बोलता अंग चोरून बसली, तर?

वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, "कळतं सर. पण थोडं मनवलं की तयार होतात असं वाटतं."

त्या पोराच्या प्रामाणिकपणाचं मला खरंच कौतुक वाटलं, कारण सगळं दुखणं त्या 'पण'मध्ये आहे आणि आपण शिकवत बसतो 'नाही'चा अर्थ. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या संशोधकांनी 1999 मध्येच हे मांडलं होतं, की रोजच्या बोलण्यात माणसं नकार देतात तो असाच आडून, जरा थांबून, कारण सांगून, आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो. म्हणजे मुलींना 'ठाम नाही म्हणायला शिका' एवढंच सांगत राहिलो तर जबाबदारी परत त्यांच्याच गळ्यात, आणि कळून न कळल्यासारखं करणारा मोकळा.

दुसरी गोष्ट 'बलात्कार' या शब्दाची. 2014 मध्ये अमेरिकेत कॉलेजातल्या 73 मुलांचा एक अभ्यास छापून आला, छोटाच आहे, पण मला तो विसरता येत नाही. कुणाला कळणार नसेल आणि काही परिणाम होणार नसतील तर बाईवर संभोगाची जबरदस्ती कराल का, ह्याला जवळपास 32 टक्के मुलांनी होकार दिला, आणि तिथेच 'बलात्कार' शब्द वापरला की आकडा 14 टक्क्यांच्या आत. कृती तीच ना? पण बलात्कारी म्हणजे अंधारातला कुणीतरी राक्षस, आपण नाही, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की आपल्या वागण्याला तो शब्द लागू होऊ शकतो हे मनात येतच नाही. म्हणून मी आता सेशनमध्ये तो शब्द सुरुवातीला काढतच नाही, वागणं विचारतो. ती गप्प झाल्यावर तू काय केलंस? तिने हात बाजूला केल्यावर परत ठेवलास का? कितीदा?

गप्प होण्यावरून आठवलं, 'मग ती ओरडली का नाही' हे अजून सर्रास ऐकू येतं. स्टॉकहोममध्ये अत्याचारानंतर मदतीला आलेल्या 298 बायकांचा अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात 70 टक्के बायकांनी सांगितलं की त्या वेळी शरीर बऱ्यापैकी थिजलं होतं. हे मुलांना सांगायलाच हवं, आणि मुलींनाही, कारण 'मी का नाही ढकललं' म्हणून वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत जगणाऱ्या कितीतरी जणी आहेत.

सेशन संपल्यावर तो मागच्या बाकावरचा मुलगा दाराशी थांबला होता. म्हणाला, "सर, मनवल्यावर ती हो म्हणाली तर ते चालतं ना?"

मी विचारलं, किती वेळा मनवलंस?

तो बोटांवर मोजायला लागला. चौथ्या बोटावर थांबला आणि म्हणाला, "भीडेपोटी म्हणाली असेल का हो?"

मी म्हटलं, तुला त्या वेळी काय वाटलं होतं?

बराच वेळ तो खाली बघत होता. पुढच्या सेशनला आता मी सुरुवात ह्याच प्रश्नाने करणार आहे.