खडूची रेघ

शुक्रवारी संध्याकाळी चारला गाडी द्यायची होती. मर्सिडीजची एस-क्लास, 21 इंची चाकं, जमिनीलगत बसकी केलेली. म्युनिकहून गिऱ्हाईक ट्रेनने निघणार होतं.

आमचं वर्कशॉप लहान आहे, बोट्रॉपपासून अर्ध्या तासावर. जर्मनीतलं बोट्रॉप म्हणजे ब्राबस या गाड्या सजवणाऱ्या कंपनीचं गाव. 1977 पासून तिथे मर्सिडीज नव्याने घडवल्या जातात. पुण्यात मी मॅग व्हील दुकानात जाऊन नट आवळून बसवलेली पाहिली होती. इथे वेगळ्या मापाचं चाक लावलं की बहुतेकदा तपासणी आलीच.

पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक आम्ही ठोकळ्यांवर चढवलं. असं तिरपं उचललं की त्या कोपऱ्यांतलं सस्पेन्शन पुरतं दबतं. टायरच्या कडेला खडू फासला आणि मी स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवलं. खर्र आवाज आला. चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकवर, म्हणजे टायर घासला तिथे, बोटभर पांढरी रेघ उमटली होती.

चूक माझी होती. टायरवर 255 (मिलिमीटर रुंदी) छापलंय म्हणून मी हिशेबात तेवढीच रुंदी धरली. त्याच मापाचा टायर कंपनीप्रमाणे, रिमप्रमाणे कमीजास्त भरतो. हे मी प्रत्यक्ष मोजायला हवं होतं.

वर्कशॉपचे मालक म्हणाले, ‘‘रस्त्यावर इतकं कुठे दबतं?’’ आमच्या माइस्टरांनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, नकारार्थी मान हलवली. धोका संभवेल असा बदल केला तर इथल्या वाहन नियमांच्या कलम 19 प्रमाणे गाडीची रस्त्यावरची परवानगीच संपते. आणि इथे वेगमर्यादा नसलेल्या ऑटोबानवर माणसं ताशी 250 किलोमीटरने जातात. मला म्हणाले, ‘‘फोन तू कर.’’

जर्मनमध्ये इतकं अवघड बोलणं मी तोवर कधी केलं नव्हतं. काहीही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, ‘‘सोमवारी येतो.’’

शनिवारी दोघंच काम करत होतो. माइस्टर ब्राबसच्या ‘रॉकेट’ नावाच्या गाडीबद्दल सांगत होते. 2006 मध्ये इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर ताशी 365.7 किलोमीटर गेलेली गाडी ती. तिचं व्ही-12 इंजिन 1,320 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देऊ शकायचं, पण त्यांनी तो इलेक्ट्रॉनिक्सने 1,100 वर रोखला होता. मला त्या विक्रमापेक्षा हा आकडा जास्त आवडला.

दुसऱ्या कंपनीचे, त्याच मापाचे पण आठ मिलिमीटरने अरुंद भरणारे टायर चढवले. पुन्हा ठोकळे, पुन्हा खडू. मी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत वळवलं. माइस्टर टॉर्च घेऊन वाकले.

खडू टायरवरच होता.