श्वासातल्या ऑक्सिजनचं पुढे काय होतं?

श्वासावाटे आत गेलेल्या ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. त्या ऑक्सिजनचं पाणी होतं, आणि पेशीश्वसनातली, म्हणजे पेशींनी अन्नातून ऊर्जा मिळवण्यातली, खरी गंमत तिथेच आहे.

पेशीद्रव्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेट या तीन कार्बनच्या संयुगाचे दोन रेणू तयार होतात. 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) आधी खर्च करून 4 मिळवायचे, म्हणजे हाती 2. इथे ऑक्सिजन लागतच नाही. मग पायरुवेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) शिरतं आणि तिथलं क्रेब्स चक्र, म्हणजे अभिक्रियांचं एक चक्र, संपेपर्यंत ग्लुकोजचे सहाही कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. त्यांना चिकटलेला ऑक्सिजन मूळच्या ग्लुकोजमधला आणि पाण्यातला असतो, हवेतला नव्हे.

एवढं होऊनही थेट मिळालेले एटीपी जेमतेम 4. बाकीची ऊर्जा 10 एनएडीएच आणि 2 एफएडीएच२ या वाहक रेणूंच्या इलेक्ट्रॉनांत असते. हे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात, तसे प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात: एका एनएडीएचमागे साधारण 10. परत येणारे प्रोटॉन एटीपी सिंथेज हे एटीपी बनवणारं विकर अक्षरशः फिरवतात. दर एटीपीमागे सुमारे 4 प्रोटॉन लागतात. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या हिशेबाने एका ग्लुकोजमागे 30 ते 32 एटीपी मिळतात. पाठ्यपुस्तकांतला 38 हा आकडा आता सोडून द्यायला हवा.

साखळीच्या टोकाला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचं पाणी होतं. तो नसला तर इलेक्ट्रॉन जागीच तुंबतात, एनएडीएचचं पुन्हा एनएडी+ (नवे इलेक्ट्रॉन घ्यायला मोकळं रूप) होत नाही, आणि स्वतः ऑक्सिजन न वापरणारं क्रेब्स चक्रही थांबतं. अशा वेळी स्नायू पायरुवेटचं लॅक्टेट करतात. त्या पायरीत एटीपी अजिबात मिळत नाही. एनएडी+ मोकळं होतं, म्हणून निदान ते पहिले 2 एटीपी मिळत राहतात.

सायनाइड बरोबर याच शेवटच्या टप्प्यावर घाला घालतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. डायनायट्रोफिनॉल या रसायनाचं उलट: साखळी जोरात चालते, पण प्रोटॉन सिंथेजला वळसा घालून पटलातून गळतात आणि ऊर्जेची नुसती उष्णता होते. 1930च्या दशकात ते वजन घटवायला दिलं जाई. अनेकांचा ताप आवरेना आणि काही दगावले.